फुकटचा आवाज

बाटलीबंद पाण्याचे कारखानदार अण्णासाहेब झांबरे यांना जाहिरातीसाठी आवाज हवा होता, म्हणून त्यांनी सोलापूरहून हेमांगी भोसेकरला बोलावून घेतलं. तिच्या आवाजावर अर्ध्या जिल्ह्यातली दुकानं चालत होती. पण मानधनाचा विषय निघताच अण्णासाहेब भरल्या बैठकीत, सगळ्या विक्रेत्यांसमोर, गडगडून हसले.

"अहो बाई, चार ओळी वाचायचे कसले पैसे? आवाज देवानं सगळ्यांनाच फुकट दिलाय!"

विक्रेतेही माना डोलावत हसले. हेमांगीचे कान तापले, पण स्वर मधाळच राहिला.

"पाणीही देवानं फुकटच दिलंय, अण्णासाहेब. तुम्ही ते बाटलीत भरून विकताच ना?"

हशा थांबला. अण्णासाहेबांनी मिशीवरून हात फिरवला.

"आम्ही नुसतं भरत नाही. गाळून, शुद्ध करून विकतो!"

"मीही गाळूनच वाचते. तुमच्या मजकुरातलं 'थेट हिमालयातून आलेलं' मी मघाशीच गाळलं. येताना मागच्या दारी बोअरची मोटार चालू दिसली."

आता विक्रेते पुन्हा हसले, पण या वेळी अण्णासाहेबांकडे बघून. अण्णासाहेब घाईघाईनं घोटभर पाणी प्याले आणि मॅनेजरवर खेकसले, "बाईंचं मानधन आधी देऊन टाका. आणि तो हिमालय खोडा!"