चिरबोटीचा लेप

एका गावात गेनू नावाचा एक भोळा गडी होता. भोळा म्हणजे चांगल्या भाषेत. गावात त्याला दुसरंच काही म्हणायचे.

त्याचा सासरा गुडघा सुजून त्याच्याकडे येऊन पडला. म्हाताऱ्याच्या तोंडाला चव नव्हती. बायको येसू म्हणाली, "अवं, बांधावरची पिकली चिरबोटी आणा."

गेनूनं आणली. वरचं कागदासारखं फोलपट सासऱ्याला दिलं आणि आतलं पिवळं फळ फेकून दिलं. म्हातारा खोकून खोकून बेजार.

येसू ओरडली, "वरचं फेकायचं, आतलं आणायचं!"

"बरं."

दुसऱ्या दिवशी तो गिरणीतून दळण घेऊन निघाला. गोणी टाकून दिली आणि पीठ ओंजळीत धरलं. वाटेत वारा होता. घरी आली ती नुसती ओंजळ.

"अवं, घट्ट बांधून आणायचं! सुटता कामा नये!"

"बरं."

गुडघ्याची सूज काही उतरेना. म्हाताऱ्याला उठून बसता येईना, तशी येसूनं गेनूला औषध विचारायला पाठवलं. झाडपाल्याचं औषध देणारी ठमाआजी म्हणाली, "सूज दिसली की थांबू नका. चिरबोटीचा पाला ठेचा, लेप द्या, वर फडकं बांधा. आणि रोग्याचा हात लागू देऊ नका."

गेनू पाला आणायला गेला. परत येताना चावडीवर पोलीस पाटील खांबाला टेकून घोरत पडलेले. गालात तंबाखूचा हा मोठा बार. गेनूला सूज दिसली. तो थांबला नाही. तिथंच पाला ठेचला, गालावर थापला, मुंडाशानं जबडा घट्ट आवळला. मग पाटलांचे हातही खांबाला बांधले. घरी येऊन ऐटीत सांगितलं.

येसूनं कपाळ बडवलं. "माणसाला न विचारता हात लावलात? तोंडानं 'हो' म्हणेल तेव्हाच हात लावायचा! पळा, सोडा त्यांना!"

"बरं."

ऊन कललं. तहसीलदार गावच्या पाहणीला चावडीवर आले. पाहतात तर पाटील खांबाला बांधलेले, डोळे बाहेर आलेले, हिरवा रस मिशीवरून ठिबकतोय आणि समोर गेनू मांडी घालून बसलेला.

"अरे, सोड त्यांना!"

गेनू म्हणाला, "दुपारपासनं विचारतोय, सायेब. मान हलवतात, पाय आपटतात, पण तोंडानं 'हो' म्हणायला तयार नाहीत. लई हट्टी माणूस!"