वाटेतला जोड

यंत्रं आपसांत बोलत असत तेव्हाची गोष्ट. गुरांच्या डॉक्टर मंदाकिनी तावडे यांच्या जुन्या जीपमधल्या, इंजिनासाठी ठिणगी पाडणाऱ्या कॉइलला चैन नव्हती. तिची ठिणगी रोज मंद होत चालली होती.

"तू हात आखडता घेतेस," कॉइल बॅटरीला म्हणाली.

"मी पूर्ण बारा व्होल्ट पाठवते."

"माझ्यापर्यंत नऊच येतात."

बॅटरी दुखावली.

एका सकाळी अडलेल्या गाईसाठी बोलावणं आलं. जीप सुरूच होईना. बॅटरीच बदलावी म्हणून डॉक्टरबाईंनी पाना काढला. कॉइल कासावीस झाली. बॅटरी खरं बोलत असेल तर? तिनं प्रथमच वायरीला विचारलं, "वाटेत कुठं अडतंय?"

"माझ्यापाशी," वायरीतला जुना जोड पुटपुटला. "आतून गंजलोय. कळलं तर कापून टाकतील, म्हणून बोललो नाही."

"आणि तुझ्यापायी बॅटरीला टाकून दिलं तर?" कॉइलनं विचारलं.

बॅटरी काढण्याआधी बाईंनी शेवटचं एकदा किल्ली फिरवून पाहिली, तेव्हा मात्र जोडानं आपला गंज लपवला नाही. तो तापला आणि त्यातून धूर निघाला. धूर पाहून बाईंनी जोड सोडवला, घासून लख्ख केला आणि घट्ट बांधला. जीप सुरू झाली.

गाय व्याली, वासरू उभं राहिलं. परतताना ठिणगी लखलखत होती, पण कॉइल बेचैनच होती. बॅटरीची माफी कशी मागावी, हे तिला सुचत नव्हतं.