झरोक्यातलं खाकरणं

एका गावात, जिथे कोंबड्याआधी हातोडेच जागे व्हायचे, एक तांबट राहायचा. त्याच्या हाताला गुण होता, म्हणून बघता बघता त्याचा मोठा कारखाना झाला. हातातला हातोडा सुटला, बसायला गादी आली. आणि गादीवर बसलं की माणसाचे कान भलतेच तिखट होतात!

त्या कानांना कारागिरांचं थांबणं खुपू लागलं. तांबं ठोकून ठोकून कडक झालं की ते भट्टीत तापवून मऊ करावं लागतं, नाहीतर पुढे तडकतं. तेवढा वेळ कारागीर भट्टीभोवती बसत, गूळ-शेंगदाणे खात, एकमेकांची टिंगल करत. हा स्वतः त्यांच्यातच बसून मोठा झालेला. पण आता त्याला तो निव्वळ कामचुकारपणा वाटे.

त्याने माडीच्या भिंतीत झरोका पाडून त्याला जाळी बसवली. वरून खालचं सगळं दिसे. खालून मात्र वर कोणी आहे की नाही, काही कळत नसे. एखादा हातोडा थांबला की तो खाकरे. दोघांना तर त्याने घरीच बसवलं. मग काय, हातोडे थांबेचनात.

"बघ, कशी शिस्त लागली!" तो बायकोला म्हणाला.

"हो, हसणंही बंद झालं," ती म्हणाली. त्याने तिकडे कानाडोळा केला.

पुढे त्याच्या एकुलत्या एका लेकीचं लग्न ठरलं. रुखवतातला हंडा त्याने सगळ्यात जुन्या कारागिराला घडवायला सांगितला. दोघं एकाच ऐरणीवर शिकलेले. लेकीला लहानपणी या कारागिरानेच खांद्यावर बसवून जत्रा दाखवली होती. हंडा असा झळकत होता की बघत राहावं.

सासरी पहिल्याच दिवशी लेक पाण्याला गेली. भरलेला हंडा डोक्यावर घेतला आणि तो तडकला. नवी नवरी सगळ्यांसमोर नखशिखांत भिजली. "तांबटाची लेक, आणि हा हंडा!" बायका हसल्या. लेकीने हंडा माहेरी पाठवून दिला, सोबत निरोपसुद्धा नाही.

तांबट तो घेऊन धावतच खाली आला. "गड्या, आपल्या पोरीचा हंडा होता रे! भट्टीत का नाही घातलास?"

तो जुना कारागीर खाली मान घालून म्हणाला, "दोनदा उठलो होतो, मालक. दोन्ही वेळा तुम्ही वरून खाकरलात."

त्याच्या तोंडून 'मालक' हा शब्द तांबटाने त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला.

त्याने लगेच झरोका बुजवून टाकला. गूळ-शेंगदाणे घेऊन भट्टीपाशी जाऊन बसला. "या रे, बसा जरा," म्हणाला. तांबं भट्टीत तापत होतं, हातोडे थांबले होते, पण कोणीही आलं नाही. एकटाच शेंगदाणे खाताना त्याला ठसका लागला, तो खोकला. त्यासरशी सगळे हातोडे ठणाठण सुरू झाले, रिकाम्या ऐरणींवर.

तात्पर्य: पाळत ठेवून माणसाचे हात हलते ठेवता येतात, पण त्या हातांतली माया एकदा गेली की झरोका बुजवूनही परत येत नाही.