लाल लोकरीचा दोरा

डोंगरांना अजून नावंसुद्धा पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. उंच बर्फात एक गाव होतं. तिथं एक वाटाड्या राहायचा, म्हातारी आई आणि धाकट्या भावासोबत.

त्या गावची एक रीत होती. नव्या बर्फावरून उतार ओलांडायचा, तर कमरेला वीस हात लाल लोकरीचा दोरा बांधून मागे मोकळा सोडायचा. बर्फ कोसळला तर माणूस गाडला जातो, पण हलका दोरा वर राहतो. त्याच्या मागानं उकरत जायचं.

धाकट्याचं लग्न ठरलं. पलीकडच्या गावात साखरपुडा होता. नेमका आदल्या दिवशी बर्फ पडला आणि मागोमाग वारा सुटला. सकाळी बघतात तर अंगण लख्ख!

"आई, वाऱ्यानं सगळा बर्फ नेला बघ," वाटाड्या म्हणाला.

"नेला, पण ठेवला कुठं?" म्हातारीनं विचारलं. "दोन दिवस दम धरा रे. नवरी काही पळून जात नाही."

"ती नाही गं, तिचा बाप पळेल!" धाकटा हसला.

ऐकतात कुठले! म्हातारीनं दोघांच्या कमरेला दोरे बांधले.

खिंडीपलीकडे उतार लागला. समोरच्या टेकाडावर नवरीकडची माणसं वाट बघत उभी होती. वाटाड्याला लाज वाटली. त्यानं आपला दोरा गुंडाळून बंडीत कोंबला.

"तूही गुंडाळ. वाटाड्याचा भाऊ भित्रा, म्हणतील."

"पण दादा, आई..."

"आई घरी आहे. वाट मला ठाऊक आहे."

धाकट्यानं दोरा गुंडाळला आणि हौसेनं पुढं निघाला.

धप्प! पायाखालचा बर्फ खचला. वाटाड्याच्या अंगठ्यापुढं भेग पडली आणि अख्खा उतार सुटला. वाऱ्यानं नेलेला सारा बर्फ तिथंच तर साठला होता! धाकट्यानं एकदा वळून बघितलं. मग नुसतं पांढरं.

वाटाड्या हातांनी उकरत सुटला. इथं? की तिथं? दोन्ही गावं धावली. सगळीकडं सारखंच पांढरं.

म्हातारी आली. रडली नाही, रागावली नाही. एवढंच म्हणाली, "दोऱ्याचं टोक कुठाय रे?"

 वाटाड्यानं बंडीतून आपला गुंडाळलेला दोरा काढला. कोरडाच्या कोरडा.

धाकटा सापडला तो बर्फ वितळल्यावर. दोरा बंडीत तसाच होता, नीट गुंडाळलेला.

म्हणून लक्षात ठेवा, बाळांनो: जाणत्यानं लाजेपायी काळजी सोडली, की त्याच्यावर विसंबलेल्याचा जीव जातो.