मिठीतले म्यान

नदीकाठच्या एका गावात हैबती नावाचा शिपाई राहत होता. तो राजाचा गुप्त रखवालदार होता. त्या मुलखात शस्त्र कमरेच्या शेल्यात खोवत. ज्याच्या कमरेला शेला नाही तो निःशस्त्र समजावा, अशी रीत होती. म्हणून हैबती शेला बांधत नसे. त्याची कट्यार बंडीच्या आत, बरगडीशी, पट्ट्याला शिवलेल्या म्यानात असे. ती कोणाला दिसत नसे. हैबतीला मात्र घडोघडी बोचत असे.

नदीपलीकडे त्याचा धाकटा भाऊ गोंदा राहत होता. शेताच्या वाटणीत दोघांची बोलाचाली झाली होती. तरी दर दसऱ्याला गोंदा नावेतून यायचा, आपट्याचे सोने द्यायचा, पाया पडून मिठी मारायचा. वर्षाचा राग तिथे संपत असे. एका दसऱ्याला मिठी मारताना त्याच्या छातीला काहीतरी कठीण लागले. त्याने चाचपले. कट्यारीची मूठ होती.

"दादा, माझ्यासाठीसुद्धा?"

"राजाची चाकरी आहे. तुझ्यासाठी नाही."

"मग आज तुझ्या ओसरीवर कोण राजा आलाय?"

गोंदा गेला. पुढच्या दसऱ्याला आला नाही. त्याच्या पुढच्यालाही नाही. हैबती पाने हातात घेऊन ओसरीवर बसे. नाव काठाला लागे. माणसे उतरत. गोंदा नसे. नाव रिकामी परत जाई, तरी हैबती तिच्याकडे बघत राही.

हैबती मानी होता. चुकलो म्हणणे त्याला येत नव्हते. त्याने ठरवले, दोष म्यानाचा आहे. ते असे बसवून घ्यावे की मिठीतही लागू नये. मग जावे.

गावात राही नावाची जिनगरीण होती. खोगिरे आणि म्याने शिवायची. जीभ आरीसारखी टोचणारी.

"मांडी घालून बस," ती म्हणाली. हैबती बसला. म्यानाचे टोक मांडीत रुतले.

"आता वाक." मूठ बरगडीवर आपटली.

"जेवलायस का?"

"नाही."

"मग जेवून ये. उपाशीपोटी बेतलेला पट्टा भरल्या पोटी फास होतो."

हैबती जेवून आला. राहीने म्यान वर घेतले, तिरके केले. आत लोकरीचा थर दिला. भार नुसत्या बरगड्यांवर पडू नये म्हणून खांद्यावरून दुसरा पट्टा काढला. हैबती बसला, वाकला, घोड्यावर चढला. कुठे बोचले नाही.

"झालं ना?" राही म्हणाली.

"मिठीत लागायला नको."

राहीचा हात थांबला. "कुणाच्या?"

हैबती पट्टा सारखा करत राहिला.

"बरं. तो खांब धर."

हैबतीने ओसरीच्या खांबाला मिठी मारली. टक् असा आवाज झाला.

"लाकडाला कळलं बाबा. माणसाला कळायचं नाही होय?"

तो परत परत येत राहिला. ती उसवत राहिली, शिवत राहिली. मधल्या काळात राजाने हैबतीला चाकरीतून मोकळे केले. तरी कट्यार उतरली नाही.

"आता कशाला बाळगतोस?" राहीने विचारले.

"काढली की उघडा पडल्यासारखं वाटतं."

"मग घोंगडी घे."

शेवटी एकदा खांबाने आवाज केला नाही. दसऱ्याला हैबती नावेत बसला.

गोंदा अंगणात होता. केस पिकले होते. त्याने सोने दिले, पाया पडला, मिठी मारली. छातीला छाती लागली. मध्ये काही कठीण लागले नाही. म्यान नीट बसले होते. हैबतीने सुटकेचा श्वास टाकला.

गोंदा मागे सरला.

"दादा, उजवा हात कुठं राहिला?"

हैबतीने खाली पाहिले. उजवे कोपर बरगडीशी घट्ट दाबलेले होते. कट्यार राखत होते. मिठी एकाच हाताने मारली होती.

गोंदा रागावला नाही. "जेवून जा," एवढेच म्हणाला. परतताना नावेत हैबतीने हात मोकळा सोडून पाहिला. थोड्या वेळाने तो आपोआप बरगडीशी गेला.

पुढच्या वर्षी खंडेनवमी आली. घरोघरी पाटावर शस्त्रे मांडून पुजली. हैबतीने पट्टे सोडले आणि कट्यारही पाटावर ठेवली. हळदकुंकू लावले, झेंडू वाहिला. दसऱ्याला लोकांनी आपापली शस्त्रे उचलली. हैबतीने उचलली नाही. तो तसाच नदीवर गेला. वारा बंडीतून आरपार जात होता.

गोंदाने हात पसरले. हैबती पुढे झाला. कोपर अजून बरगडीशीच होते. तिथे आता राखायला काही नव्हते.

"गोंदा, हा हात उठत नाही रे."

गोंदाने ते कोपर धरले. हळूच सोडवले. हात ओढून आपल्या पाठीवर ठेवला आणि म्हणाला, "असू दे इथंच."

तात्पर्य: लपवलेले शस्त्र कितीही नीट बसवले तरी ते आपल्या माणसाची जागा अडवते. मायेच्या दारी जाताना ते घरी ठेवावे, आणि वेळेवर ठेवावे. शस्त्र एका दिवसात उतरते, सवय उतरत नाही.