डाल्याखालचा ससा

फार पूर्वी, गावात घड्याळं यायच्या आधी, डोंगराच्या पोटाशी एक गाव होतं. भर दुपार झाली हे तिथले लोक सावलीवरून ओळखत. सावली आखडत आखडत पायांखाली शिरली की कुत्री भुंकायची थांबत. ज्यांच्या घरी आजारी जनावर असे, ते दारं लावून घेत.

कारण त्या वेळी डालेवाली येई.

गावाची एक रीत होती. जनावर आजारी पडलं की त्याच्यावर कोणाची नजर पडू द्यायची नाही. नजर पडली की ते दगावतं, असं सगळे म्हणत. म्हणून कोंबडी असो की करडू, त्याच्यावर बांबूचं डालं पालथं घालायचं. चारापाणी द्यायचं ते तोंड फिरवून, डाल्याची कड बोटभर उचलून. काही जनावरं आपोआप बरी होत आणि आतून ओरडू लागत. उरलेल्यांसाठी डालेवाली येई. काठीने डाल्यावर टकटक करी आणि विचारी, "खालचं कोणाचं?" बंद दाराआडून कोणी उत्तर देत नसे. मग ती डालं उचलून डोक्यावर ठेवी आणि चालू लागे. अंगणात मातीवर एक गोल तेवढा उरे.

त्या गावात एक तेली राहत होता. घरात तो आणि त्याची मुलगी, दोघंच. मुलगी फार कमी बोलायची. पाहुणे आले की ती घाण्यामागे जाऊन उभी राहायची. तिचं सगळं बोलणं एका सशाशी होई. ससा पांढरा होता आणि त्याच्या डाव्या कानावर तिळाएवढा काळा ठिपका होता, म्हणून त्याचं नाव तिळ्या.

तिळ्या लहान असताना एकदा गवताची काडी त्याच्या ओठाला टोचली होती. रक्ताचा एक थेंब आला होता. मुलीने त्या दिवसापासून त्याला गवत घालणंच बंद केलं. तेल्याच्या घरी तिळाची पेंड भरपूर. ती पेंड कोमट पाण्यात भिजवायची, त्यात गुळाचा खडा कुस्करायची, बोटाने गुठळ्या मोडायची आणि तो मऊ लगदा त्याला भरवायची.

"आमच्या सशाला चावायचेसुद्धा कष्ट नाहीत," तेली हसून म्हणायचा. "राजाच आहे तो."

एका सकाळी राजाने लगद्याला तोंड लावलं नाही. वास घेतला आणि मान फिरवली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी तो कोपऱ्यात पाठ फुगवून बसून राहिला.

तेल्याने माळ्यावरून डालं काढलं.

"आबा, नको ना," मुलगी म्हणाली.

"रीत आहे, बाय. आता त्याच्याकडे बघायचं नाही."

"पण मग कळणार कसं त्याला काय होतंय ते?"

तेल्याने घाण्याच्या बैलाकडे बोट दाखवलं. बैलाच्या डोळ्यांवर कातड्याची झापडं होती आणि तो गोल गोल फिरत होता. "त्याला दिसत नाही, म्हणून त्याला चक्कर येत नाही. आपणही तसंच राहावं."

डालं पालथं पडलं. दोन दिवस मुलगी तोंड फिरवून आत लगद्याची वाटी सरकवत होती. वाटी तशीच परत येत होती. वाटीवर फक्त एक ओला डाग असे, आणि तो कसला हे तिला कळत नसे.

तिसऱ्या दुपारी घाणा थांबला. तेल्याने थांबवला नव्हता. बैलच चालता चालता उभा राहिला. घाण्याची कुरकुर बंद पडली तेव्हा मुलीच्या लक्षात आलं की कुत्रीही गप्प आहेत.

"आत ये!" तेली दबक्या आवाजात म्हणाला आणि त्याने दार ओढलं. पण मुलगी अंगणातच राहिली. आत जायचं होतं तिला. पाय उचललेच नाहीत.

फाटकातून एक बाई आली. तिच्या डोक्यावर डाल्यांची चळत होती, एकात एक बसवलेली, आणि सगळ्यांत खालचं डालं नाकापर्यंत उतरलेलं. दिसत होते ते फक्त ओठ आणि हनुवटी. ती धुळीतून चालत आली, पण धुळीत पावलं उमटली नाहीत. जिथे पाऊल पडावं तिथे एकेक लहानसा गोल उमटत होता.

आणि वरच्या डाल्यांतून आवाज येत होता. आत कोणीतरी हळूहळू नखाने खरवडत असावं, तसा.

टकटक.

"खालचं कोणाचं?" बाईने विचारलं. आवाज साधाच होता. भाजी विकणाऱ्या बाईचा असतो तसा.

बाईने काठी बगलेत धरली आणि डाल्याच्या कडेला हात घातला.

"माझं!" मुलगी म्हणाली. इतक्या मोठ्याने ती आयुष्यात कधी बोलली नव्हती.

बाईचा हात थांबला. "अगं बाई! या गावात कोणाला तोंड आहे तर." ती खाली बसली. चळत जराही हलली नाही. "तुझं म्हणतेस, तर खूण सांग."

"डाव्या कानावर तीळ आहे."

"झोपतो कसा?"

"मागचे पाय लांब करून. झोपेत एक पाय हलतो. पळत असल्यासारखा."

"बरं. आणि आता त्याला काय होतंय?"

मुलीने डाल्याकडे पाहिलं.

"नाही ना ठाऊक?" बाई उठली. "मग अर्धाच तुझा. उद्या सावली पायांखाली आली की येते. सांगितलंस, तर तुझा. नाही सांगता आलं, तर माझा." जाता जाता ती वळली. "वरून तिसऱ्या डाल्यात खरवडतंय ना, ते सोनारणीचं करडू. वर्ष झालं. त्याला काय झालं होतं, ते अजून तिला ठाऊक नाही."

ती गेली. घाणा आपोआप सुरू झाला.

तेल्याने दार उघडलं. त्याचा चेहरा घामाने भिजला होता. मुलगी डाल्यापाशी बसली होती आणि तिचे दोन्ही हात डाल्याच्या कडेवर होते.

"उचलू नकोस!" तेली ओरडला. "तुझ्या नजरेनेच जाईल तो!"

"आबा, न बघता तर जाणारच आहे," मुलगी म्हणाली, आणि तिने डालं उचललं.

तिळ्या जिवंत होता. फक्त त्याची हाडं हाताला लागत होती. मुलीने आधी त्याचे पंजे पाहिले, काटा नव्हता. कान पाहिले, गोचीड नव्हती. पोटावर हात फिरवला. मग तिला त्याची हनुवटी दिसली. ती ओली होती, आणि तिथले केस चिकटून बसले होते. वाटीवरचा डाग लाळेचा होता तर! तिने बोटाने ओठ बाजूला केला.

खालचे दोन दात वाढून वाकडे झाले होते आणि वरच्या ओठात रुतत होते. तोंड मिटलं की टोचत होते. तिळ्याला भूक होती. खाता येत नव्हतं.

मुलगी त्याला ओढणीत गुंडाळून सोनाराच्या घरी गेली. गावात इतकी बारीक कानस दुसऱ्या कोणाकडे नव्हती.

सोनारीण उंबऱ्यातच उभी होती. "थांब तिथेच! डाल्याखालचं जनावर माझ्या घरात? तेल्याची पोर म्हणजे तोंडात बोळा असलेली, असं ऐकलं होतं. तिला एवढं धाडस कुठून आलं गं?"

"काकू," मुलगी म्हणाली, "तुमच्या करडाला काय झालं होतं?"

सोनारणीचा हात चौकटीवरून खाली आला.

"तिसऱ्या डाल्यात आहे ते. मी ऐकलं."

मग सोनारीण बाजूला झाली आणि आत वळून म्हणाली, "अहो, कानस काढा. बारकी."

सोनाराने डोळ्याला भिंग लावलं आणि सशाच्या तोंडात पाहिलं. "अरेच्चा! बायकांच्या नथी घासल्या, देवाचा मुकुट घासला. सशाचे दात तेवढे राहिले होते." मग त्याचा आवाज बदलला. "काय खातो हा?"

"पेंडीचा लगदा."

"रोज तेच?"

"रोज."

सोनाराने आपली जुनी लाकडी पेटी दाखवली. तिचा कोपरा कुरतडलेला होता. "हे उंदराचं काम. त्याचे दात मरेपर्यंत वाढतात, म्हणून कुरतडत राहतो. सशाचंही तसंच असणार. खरखरीत काही खाल्लं तर दात झिजतात. तू त्याला झिजवायला काहीच दिलं नाहीस, पोरी."

मुलीच्या डोळ्यांत पाणी आलं. गुठळ्या मोडणारं बोट तिचंच होतं.

"रड नंतर," सोनार म्हणाला. "आता त्याला धर. आणि डोळे मिटू नकोस. मिटलेस की हात सैल पडेल आणि माझी कानस त्याच्या जिभेला लागेल."

मुलीने धरलं. कानस फिरू लागली तेव्हा तिळ्याचं काळीज तिच्या तळहाताखाली इतकं जोरात धडधडत होतं की तिला वाटलं ते हातातच फुटणार. ती बघत राहिली. सोनाराने एक दात घासला, थांबला, सशाला श्वास घेऊ दिला, दुसरा घासला. पांढरी पूड ओढणीवर पडली.

"झालं," तो म्हणाला. "पण खाईल की नाही, ते मी सांगू शकत नाही. ओठाला जखम आहे. आणि पोट बरेच दिवस रिकामं आहे."

मुलीने ओढ्याकाठचं गवत आणलं. तिळ्याने खाल्लं नाही. तिने कापसाने त्याच्या ओठाला पाणी लावलं, ते मात्र त्याने चाटलं. दिवस मावळला, उजाडलं. गवत तसंच होतं. मुलगी त्याच्यावरून नजर काढत नव्हती आणि तेली मुलीवरून. त्याने डालं पुन्हा घालायला दोनदा हात पुढे केला आणि दोनदा मागे घेतला.

सावली पायांखाली शिरली. बैल उभा राहिला.

डालेवाली फाटकातून आत आली तेव्हा डालं उताणं पडलेलं होतं आणि मुलगी सशाला मांडीवर घेऊन उघड्यावर बसली होती. तिच्या मागे घराचं दार उघडं होतं. त्या दारात तेली उभा होता. त्याचा हात कडीवर होता, पण त्याने दार लावलं नव्हतं.

"सांग," बाई म्हणाली. "त्याला काय होतंय?"

"त्याचे दात वाढले होते. ओठात टोचत होते."

"कशाने वाढले?"

मुलीने मान खाली घातली. हे उत्तर दिलं नाही तर चालेल का, असं क्षणभर तिच्या मनात आलं. तिने बाईच्या डोक्यावरच्या चळतीकडे पाहिलं. आतलं खरवडणं थांबलं होतं. सगळी डाली ऐकत असावीत.

"माझ्यामुळे," ती म्हणाली. "त्याला टोचू नये म्हणून मी मऊ मऊ भरवत राहिले. आणि तो खाईना तेव्हा त्याच्याकडे न बघता पुन्हा तेच भरवत राहिले."

अंगणात काही हललं नाही. बाईने हात पुढे केला. तिची बोटं सशाच्या पाठीजवळ आली, अगदी जवळ.

कर्र.

मुलीने खाली पाहिलं. तिळ्याने तिच्या मांडीवरल्या गवताची एक काडी तोंडात धरली होती. कर्र, कर्र, कर्र. काडी हळूहळू आत जात होती.

बाईचा हात तिथून वळला आणि तिने रिकामं डालं उचललं. "मग हे तेवढं माझं," ती म्हणाली. तिचे ओठ किंचित हलले. ती हसली की काय, हे शेवटपर्यंत कोणाला कळलं नाही.

ती सोनाराच्या दारावरून चालली होती, तोच दार उघडलं. सोनारीण पदर डोळ्यांना लावून बाहेर आली. "बाई, थांबा! माझ्या करडाला काय झालं होतं, मला ठाऊक नाही. मी बघितलंच नाही त्याच्याकडे. मला भीती वाटली."

बाई थांबली. तिने मागे वळून पाहिलं नाही. पण वरून तिसऱ्या डाल्यातून एकदाच, अगदी स्पष्ट, करडाचा आवाज आला. मग ते डालं शांत झालं.

त्या दिवसानंतर गावात आजारी जनावरावर कोणी डालं घातलं नाही. डालेवालीही पुन्हा दिसली नाही. तिळ्या पुढे म्हातारा होईपर्यंत जगला आणि त्याने तेल्याच्या घराची चौकट कुरतडून ठेवली.

पण भर दुपारी, कुत्री गप्प झाली की, अजूनही कधीकधी कुठेतरी टकटक ऐकू येते. गावातले लोक आता दारं लावत नाहीत. हातातलं काम टाकतात आणि गोठ्यापाशी, खुराड्यापाशी, पाळण्यापाशी जाऊन एकदा नीट बघून येतात.

तात्पर्य: ज्याला आपण आपलं म्हणतो, त्याचं दुखणं झाकून ठेवू नये, जवळ जाऊन पाहावं, आणि पाहताना आपलीच चूक दिसली, तरी नजर वळवू नये.