दगडातला हात

“...मग मला का वगळलंत, सर?”

आरळेकर सर खिडकीशी पाठमोरे उभे होते. त्यांनी वळून पाहिलं नाही.

शिवलीला माळगे दारातच थांबली होती. एम.ए. इतिहासाचे प्रवेश सकाळी जाहीर झाले आणि त्यात तिचं नाव नव्हतं. बी.ए.ला ती याच कॉलेजात पहिली आलेली. सरांच्या वर्गात पहिला बाक तिने कधी सोडला नव्हता. मुलाखत घ्यायला सर स्वतः होते, म्हणून तर ती निर्धास्त होती. कवठाळीला, गावी, तिने सांगूनही टाकलं होतं, की आता दोन वर्षं माझ्या लग्नाचं नाव काढायचं नाही.

“बस,” सर म्हणाले.

ती बसली नाही.

“माझं एक तरी उत्तर चुकलं का?”

“नाही.”

“कुठे अडखळले?”

“कुठेच नाही.”

“आणि ती किमया पाचोरकर? मुलाखत देऊन बाहेर आली तेव्हा रडत होती. मीच तिला पाणी दिलं. म्हणाली, सतीच्या दगडाचं विचारलं आणि मी ‘माहीत नाही’ म्हणून आले... तिला घेतलंत तुम्ही.”

“घेतलं.”

“माहीत नाही म्हणाली म्हणून?”

“आणखी एक वाक्य बोलली ती. म्हणाली, तो दगड कोरून घेणाऱ्यांना विचारायला हवं. बाई काही सांगायला उरली नव्हती.”

शिवलीला हसली. त्या हसण्यात हसू नव्हतं.

“हे काय उत्तर झालं, सर?”

“तुझं काय होतं?”

तिला आठवावं लागलं नाही. सरांच्या पुस्तकातलं ते पान तिला तोंडपाठ होतं.

“सतीशिळेवरचा, कोपरात दुमडलेला उभा हात अभय देतो. मनगटातला चुडा अखंड सौभाग्य सांगतो. ती स्त्री स्वखुशीने गेली, याचीच ती खूण.”

“शब्द न् शब्द,” सर म्हणाले.

“तुमचेच शब्द आहेत.”

“हो...”

बाहेर व्हरांड्यात प्रवेश मिळालेली मुलं हसत, एकमेकांना हाका मारत चालली होती.

मग मात्र शिवलीलाचा बांध फुटला.

“तुमचं काय जातंय, सर? आता रविवारीच माणसं बघायला येतील. मी मान खाली घालून बसेन आणि घरचे सांगतील, पोरगी राजी आहे. ह्या एका प्रवेशावर मी सगळ्यांना थोपवून धरलं होतं. तुमचं पुस्तक पाठ केलं. तुमच्यासारखं बोलायला शिकले. सुट्टीत गावी गेले तर मैत्रिणी नावं ठेवायच्या, आली बघा पुस्तक बोलायला. तेही ऐकून घेतलं. आणि तुम्ही मला...”

सर वळले. त्यांनी हात वर केला. जरा थांब, एवढंच त्यांना म्हणायचं होतं.

हात कोपरात दुमडलेला. पंजा उघडा, तिच्याकडे.

शिवलीला बोलता बोलता थांबली. त्या हाताकडे बघत राहिली.

तिची नजर कुठे खिळली आहे ते सरांच्या ध्यानात आलं. त्यांनीही आपल्या हाताकडे पाहिलं. पण तो खाली घेतला नाही.

“काय म्हणतोय हा हात? सांग.”





“थांबा म्हणतोय.”

सरांनी हात खाली घेतला. शिवलीला समोरच्या खुर्चीत बसली. बोलू लागली तेव्हा ती कवठाळीचं बोलत होती, आणि तिला ते कळलंही नव्हतं.

“आमच्याकडं हाय तसला दगड. माळाच्या कडंला. चैतात त्याला तेल घालत्यात, कुकू लावत्यात, आन् हलग्या वाजवत्यात. इतक्या जोरात, की शेजारच्याचं बोलनं ऐकू येत न्हाई. मी आईला इचारलं, एवढं कशाला वाजवायचं. ती म्हनली, तवाबी असंच वाजवलं हुतं. तिचं वरडनं कुनाच्या कानावर जाऊ ने म्हनून.”

सर आपल्या खुर्चीत बसले.

“कधीपासून ठाऊक आहे तुला हे?”

“शाळेत होते तेव्हापासून.”

“मी वर्गात शिकवत होतो तेव्हाही?”

“हो.”

“परवा मुलाखतीत?”

“... हो.”

सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. डोळे चोळले.

“मीही गावोगाव हिंडलोय, शिवलीला. हलग्या मीही ऐकल्यात.”

ती चमकली.

“मग तसं का लिहिलंत?”

“... आधी तो माझा प्रबंध होता. माझ्याही समोर कोणीतरी परीक्षक बसले होते.”

हे त्यांनी अगदी साधेपणाने सांगितलं. तिच्या आतून संताप उसळून आला. ह्याच पुस्तकावर त्यांना मान मिळाला होता, खुर्ची मिळाली होती. तिला काय मिळालं होतं?

“म्हणजे तेच वाक्य लिहून तुम्ही सर झालात. आणि ते म्हटलं म्हणून मी घरी जायचं.”

सरांनी नाही म्हटलं नाही.

“निर्णय बदलता येईल?”

“नाही.”

“पुढच्या वर्षी?”

“पुढच्या वर्षी मी निवृत्त झालेलो असेन.”

“आणि माझं लग्न झालेलं असेल,” ती म्हणाली.

तिने पिशवी खांद्याला लावली. सरांना नेहमी वाकून नमस्कार करून ती निघायची. आज केला नाही. ती दाराशी पोचली तेव्हा मागून सरांचा आवाज आला.

“खरं ठाऊक असताना तू दुसरंच का सांगितलंस?”

शिवलीलाने मागे पाहिलं.

“तुम्हाला आवडेल म्हणून.”

सरांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

“फार आवडलं. म्हणून तर तुला घेता आलं नाही.”